थिएटरची काळी जाळी

एसीच्या जाळ्या धुणारी म्हणून हॉस्पिटलात तिला जाळीवाली मावशी म्हणत. ऑपरेशन थिएटरच्या जाळीला बुरशी लागलीय, बदला, असं ती मॅनेजरच्या कानीकपाळी ओरडली. तो हसला, "हवा ती हवा, मावशी!" त्याच थिएटरात तिच्या भावाचं ऑपरेशन झालं, जखम चिघळली आणि भाऊ गेला.

स्वतःचं पोट फाडायची वेळ आली तेव्हा मात्र मॅनेजरनं रातोरात नवी जाळी मागवली. थिएटरच्या दारात मावशीनं जुनी, काळी जाळी त्याच्या नाकाशी धरली.

"नवी खोक्यातच आहे, साहेब. आत हीच लावते. हवा ती हवा!"

"मावशी, पाया पडतो!" तो स्ट्रेचरवर रडायला लागला.

नवी जाळी तिनं सकाळीच बसवली होती. पण सांगायची घाई कुणाला होती? भूल चढेपर्यंत तडफडू दे मेल्याला.