खंडेनवमीला घासलेला माउंट

मंडळी, कुणाला उपाय माहीत असेल तर कृपया लवकर सांगा.

मी ओमानमध्ये अल हैलला एका अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, घरी काम करतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रायफलींच्या दुर्बिणी आणि त्या दुर्बिणी रायफलीवर बसवायच्या लोखंडी पकडी, म्हणजे माउंट, ते जमवतात. त्यांचा सगळा जीव त्यात. मी वस्तू जपून हाताळतो म्हणून कपाटाची किल्ली माझ्याकडे असते.

आज खंडेनवमी. आमच्या गावी या दिवशी कोयता, करवत, सगळी हत्यारं लख्ख घासून पुजतात. मला वाटलं, इथलंही एखादं पुजावं. सगळ्यात दुर्मीळ माउंट काढला, पॉलिश लावून आरशासारखा चकचकीत केला आणि हळद-कुंकू वाहिलं.

अर्बाब आले. माउंट हातात घेऊन उजेडात फिरवून पाहिला. मग म्हणाले, "वो काला रंग कारखाने का था. असली. अब खलास."

मी काळा रंग आणायला निघालो, तर आमचे ड्रायव्हर, रत्नागिरीचे सलीमभाई, यांनी हात धरला. "अरे बाबा, घासलंस ती चूक झाली. रंगवलंस तर फसवणूक होईल."

उद्या खाबुऱ्याहून अर्बाबचे मित्र खास हाच माउंट बघायला येणार आहेत. मी किल्ली परत द्यायला गेलो. अर्बाबनी घेतली नाही. "कल अलमारी तू खोलेगा. क्या किया, वो भी तू ही बोलेगा."

मी आठवीपर्यंत शिकलेला, चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. कपाट उघडल्यावर पहिलं वाक्य काय बोलू?