बारावी बाई

अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या त्या गावात पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला सुरुवात होई ती शाळेच्या व्यायामशाळेत. प्रत्येक उमेदवाराची माणसं आपापल्या कोपऱ्यात उभी राहत आणि डोकी मोजली जात. बारा भरली, तरच त्या गटाचा प्रतिनिधी पुढच्या अधिवेशनाला जाई.

आर्लीन वोस्टाडने सिनेटर केसलरसाठी हिवाळाभर गावाला फोन केले होते. पण ऐन मोजणीत तिचा गुडघा ठणकू लागला आणि ती दिसली त्या खुर्चीवर टेकली. खुर्ची दुसऱ्या उमेदवाराच्या, गव्हर्नरच्या कोपऱ्यात होती.

"केसलर अकरा. गट बाद," सभा चालवणाऱ्या मर्लने जाहीर केलं आणि कागदावर सही ठोकली.

"अरे, पण मी केसलरचीच ना?" आर्लीनने कोटावरचा बिल्ला दाखवला.

"बिल्ले नाही गं मोजत, माणसं मोजतो. तू इथे मोजली गेलीस."

बाद गटाने दुसरा गट धरायचा, असा नियम. ते अकराही जण तिच्याच खुर्चीभोवती येऊन उभे राहिले.

"फोन करून तूच बोलावलंस," शेजारीण फर्न म्हणाली. "आता तू जिथे, तिथे आम्ही."

फर्न चिडली होती की हसत होती, आर्लीनला कळेना. तिने उठून खुर्ची फर्नला देऊ केली.