शून्य नोंदींचा सत्कार

नोव्हेंबरातल्या एका सकाळी संत्र्याचा रस काढणाऱ्या यंत्राच्या साखळीत एका कामगार बाईचा पदर अडकला. शेजारी उभ्या असलेल्या तंत्रज्ञाने बटन दाबलं. यंत्र थांबलं तेव्हा ती साखळीवर ओणवी झालेली होती. जखम झाली नाही. लुगडं फाटलं.

हे अमरावती-अकोला रस्त्यावरच्या एका खासगी विद्यापीठात घडलं. अन्नतंत्र विभागाच्या कार्यशाळेत वरूडहून संत्री येत आणि विद्यार्थी त्यांचा रस काढायला, टिकवायला शिकत. फळं धुणं, निवडणं आणि यंत्र साफ करणं ही कामं ठेकेदाराच्या बाया करत. अकोल्याच्या एका दैनिकातली नोकरी सोडून मी विद्यापीठात आलो होतो. लिहिता येतं म्हणून सुरक्षा समितीचं सचिवपद माझ्याकडे होतं. झालेल्या आणि थोडक्यात टळलेल्या अपघातांची माहिती विभागांकडून मागवायची, एवढं ते काम.

साखळीवर लोखंडी जाळी असते. चोथा अडकला की ती उघडून साफ करावी लागते, आणि संत्र्याचा चोथा सारखाच अडकतो. त्यामुळे जाळी काढून भिंतीला टेकवून ठेवायची पद्धत पडली होती.

दुसऱ्या दिवशी यंत्राला हळदकुंकू लावून नारळ फोडण्यात आला. खोबऱ्याचा तुकडा हातावर पडला तेव्हा मला प्रकार कळला.

"कशाचा प्रसाद?" मी तंत्रज्ञाला विचारलं.

"मशीनचा. काल बाईले खाऊन राहिली होती. आता शांत केली तिले."

ती बाई तिथेच संत्री निवडत होती. "मले काय खाते ते," ती म्हणाली. "माहं नवं लुगडं खाल्लं मेलीनं. जुन्याले तोंड नाई लावत." बाकीच्या बाया हसल्या.

मी नोंद करायची म्हणालो. तिचं हसू थांबलं.

"कावून जी? नोंद तुमची अन् घरी बसीन मी. ठेकेदार कालच म्हणे, हिच्यापायी मशीन बंद पडली."

"नाव लिहिणार नाही."

"नाव कायले पायजे? आमी बाया चार, त्यात फाटक्या लुगड्याची एकच."

मग तिनेच थोडा विचार करून सांगितलं, "जाळीचं लिहा. माहं नका लिहू."

तेवढंच लिहिलं. विभागप्रमुखाच्या सहीशिवाय नोंद समितीपुढे जात नसे. त्यांनी कागद वाचून परत दिला.

"टळला ना? मग अपघात झालाच नाही. अहो, तुमच्या पेपरात 'आज चौकात ट्रक उलटला नाही' अशी बातमी छापायचे का?"

सही झाली नाही. नोंद समितीपुढे गेली नाही. जाळी भिंतीलाच राहिली.

मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह आला. ग्रंथालयाने शिडी घसरल्याचं कळवलं होतं. रसायनशास्त्र विभागाने बाटली फुटल्याचं कळवलं होतं. दोघांकडून लेखी खुलासे मागवण्यात आले. वर्षभरात ज्या विभागाची एकही नोंद नाही, त्याचा सत्कार करावा, असं कुलगुरूंनी सुचवलं. अन्नतंत्र विभागाच्या प्रमुखांना शाल आणि श्रीफळ मिळालं. नारळ त्यांनी कार्यशाळेत आणून यंत्रावर ठेवला.

"शाल तुमाले, नारळ मशीनले," ती बाई म्हणाली. "आमाले काय, सर?"

"तुम्हाला टाळ्या वाजवायला बोलावलं होतं ना?" सर म्हणाले. सगळे हसले. तीही हसली.

त्याच महिन्याच्या अखेरीस, मृग बहराच्या संत्र्यांचं काम चालू असताना, तिचा उजवा हात साखळीत गेला. अमरावतीच्या दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली.

चौकशीत प्रश्न एकच होता: जाळी कोणी काढली. तिने काढली असं ठरलं, तर चूक तिची आणि तिचं कामही गेलं. जाळी नेहमीच काढलेली असे हे सिद्ध झालं, तर जबाबदारी विभागाची आणि तिला परत घ्यावं लागणार होतं. हाताला पट्टी बांधून ती खुर्चीच्या कडेला बसली होती.

"जाळी कवाच नसते. नोव्हेंबरात माहा पदर गेलता," ती म्हणाली. "या सायबाले इचारा."

मी होय म्हणालो. चौकशी समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "नोंद आहे?"

"सही झाली नाही."

"म्हणजे नाही."

तंत्रज्ञाला विचारलं. तो विभागप्रमुखांकडे पाहून म्हणाला, "मले तं काई आठवत नाई."

"कावून रे भाऊ?" ती म्हणाली. "खोबरं तं आठवते ना?"

अध्यक्षांनी फाटलेलं लुगडं आणायला सांगितलं. त्याची तिने गोधडी शिवली होती.

अहवालात लिहिलं गेलं की जाळी कामगाराने स्वतः काढली. विभागात यापूर्वी असा प्रसंग घडल्याची नोंद नाही. विभागाच्या सुरक्षिततेबद्दल याच महिन्यात सत्कार झाला असल्याचा उल्लेखही त्यात आहे. ठेकेदाराने तिला कामावरून कमी केलं.

जाळी आता वेल्डिंग करून पक्की बसवली आहे. ती उघडत नाही. चोथा अडकला की त्या बाईच्या जागी आलेली नवी बाई खालच्या फटीतून हात घालून तो काढते. विभागाने यंदा एकही नोंद पाठवलेली नाही.