मालेगावच्या पुढे

धुळ्याच्या देवपुरात राहणाऱ्या पार्वताबाईंचं जग मालेगावला संपत असे. त्यापुढे नाशिक आहे, मुंबई आहे, हे त्यांना ऐकून ठाऊक होतं. पण मालेगावच्या स्टँडवर अर्ध्या वाटेत उतरायचं, तोंड धुवायचं आणि परतीच्या गाडीची वाट बघत बसायचं, हे त्यांच्या वाट्याला तीनदा आलं. तिसऱ्या वेळी तिथल्या रसवंतीवाल्याने त्यांना ओळखलं, पाण्याचा तांब्या आपणहून पुढे केला आणि पैसे घेतले नाहीत. तेव्हा त्यांनी नाद सोडला. भाचीचं नाशिकचं लग्न आणि मुलाचं पुण्यातलं नवं घर त्यांनी फोटोत पाहिलं. त्यांना गाडी लागायची.

त्यांचे मालक मोतीलालनाना एसटीत कंडक्टर होते. चौतीस वर्षं त्यांनी धुळे डेपोत काढली. कुटुंबासाठी दरसाल मिळणारा फुकट प्रवासाचा पास ते इमानदारीने घरी आणत आणि तो इमानदारीने कपाटात पडून राही. एका कुटुंबाने महामंडळाचं इतकं कमी नुकसान केल्याचं दुसरं उदाहरण निदान धुळे विभागात तरी नसावं.

गाडी लागणं या विषयात नानांचा अधिकार मोठा होता. स्टँडवर चढणाऱ्याचा चेहरा पाहून हा माणूस कन्नडच्या घाटात ओकणार की चाळीसगावच्या आतच, हे ते सांगत, आणि सहसा चुकत नसत. उपायही ठरलेला. आदल्या संध्याकाळपासून पोटात अन्नाचा कण नको, मुठीत लिंबू, जागा खिडकीची. "पोटात काही नसलंच, तर बाहेर येईल काय?" असं ते विचारत, आणि यावर कोणाला उत्तर सुचत नसे. लग्नानंतर भडगावहून धुळ्याला येताना, पारोळ्याच्या अलीकडे, नव्या नवरीने नवरदेवाच्या नव्या कोऱ्या पँटचा निकाल लावला होता. त्या दिवसापासून पार्वताबाई प्रवासाच्या आधी उपाशी राहत आल्या. चव्वेचाळीस वर्षं त्या उपाशी राहिल्या आणि चव्वेचाळीस वर्षं त्यांना गाडी लागली. उपाय चुकीचा असेल अशी शंका घरात कोणालाच आली नाही. नानांच्या मते चूक पोटाची होती.

गेल्या डिसेंबरात मुलाचा, प्रशीलचा, पुण्याहून फोन आला. जानेवारीत मुंबई ते गोवा आणि परत, तीन रात्री मोठ्या बोटीवर. त्याने चौघांचं बुकिंग केलं होतं: तो, त्याची बायको सपना, नाना आणि आई. मग तो म्हणाला, आईचं काय ते बघू. नाना म्हणाले, त्यात बघायचं काय, जिला गाडी लागते ती बोटीत काय करणार, राहील शेजारी सुगंधाबाईकडे. हे सगळं फोन स्पीकरवर ठेवून चाललं होतं आणि पार्वताबाई दोन हातांच्या अंतरावर मेथी निवडत बसल्या होत्या.

"माले बी जानं शे," त्या म्हणाल्या. मला पण जायचंय. आणि पुढची काडी उचलली.

पलीकडे फोन सपनाने घेतला. ती व्यवहाराची बाई. म्हणाली, आई, मग वीस दिवसांत आधार कार्डावर पूर्ण जन्मतारीख पाहिजे. तुमच्या कार्डावर नुसतं साल आहे, ते बोटवाले घेत नाहीत. तारीख नाही आली तर तुमचं तिकीट रद्द करावं लागेल.

कार्डावरच्या १९५९ या सालाचाही एक इतिहास होता. आधारचं शिबिर वस्तीत आलं तेव्हा पार्वताबाईंचं वय विचारलं गेलं, आणि उत्तर नानांनी दिलं होतं. माझं साल अठ्ठावन्न, म्हणजे हिचं एकोणसाठ लिहा. बायको नवऱ्यापेक्षा वर्षाने लहान, हा हिशेब शिबिरातल्या माणसालाही पटला. नानांची स्वतःची तारीख एक जून. ती कुठून आली हे सांगायला नको. पोराला शाळेत घालायला बाप आला की मास्तर पोराच्या उंचीकडे बघून साल ठरवत आणि तारीख एक जून टाकत. खानदेशातली एक पिढीच्या पिढी अशी एका सकाळी जन्मली, आणि त्यामुळे दरसाल एकतीस मेला निम्मा डेपो निवृत्तीचे हारतुरे घेऊन एकदम घरी जाई.

नाना तयारीला लागले, म्हणजे स्वतःच्या. बोटीच्या बुकिंग एजंटाला फोन करून त्यांनी बजावलं की खोली चाकावर नको, मागची तर नकोच नको. एजंट म्हणाला की बोटीला चाकं नसतात काका, पण मधली, खालच्या मजल्यावरची खोली सगळ्यात कमी हलते. नानांनी फोन ठेवला आणि घरभर विजयी मुद्रेने हिंडले.

पार्वताबाई दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाई तरुण होती. बोट लागू नये म्हणून गोळी पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. बाईने बीपी पाहिलं, चालू गोळ्यांची चौकशी केली आणि विचारलं, निघण्याआधी काय खाता?

काही नाही, पार्वताबाई म्हणाल्या.

"किती वर्षं?"

"चव्वेचाळीस."

डॉक्टरीणबाईने पेन खाली ठेवलं. रिकाम्या पोटी मळमळ वाढते, ती म्हणाली. थोडं कोरडं, बिनतेलाचं खायचं. मधल्या जागेवर बसायचं, लांब नजर ठेवायची, गोळी अर्धा तास आधी. हे उपाशी राहायचं तुम्हाला सांगितलं कोणी?

पार्वताबाईंनी नाव सांगितलं नाही. पण घरी येईपर्यंत सगळा उलगडा झाला. रिकाम्या पोटाची बाई ओकली तरी सीट खराब होत नाही. नानांचा उपाय अचूक होता, फक्त तो गाडीसाठी होता.

जन्मतारखेचा दाखला त्यांच्या माहेरच्या शाळेत होता, भडगावजवळ गिरणेकाठच्या गावी. तिथे त्या दोन इयत्ता शिकल्या होत्या. नाना म्हणाले, पुढच्या आठवड्यात मी जाऊन आणतो. पार्वताबाईंनी पुढच्या आठवड्याची वाट पाहिली नाही. नाना निवृत्त कर्मचाऱ्यांच्या बैठकीला गेल्यावर त्यांनी अर्धी कळण्याची, ज्वारी-उडदाची, भाकरी कोरडीच खाल्ली, उरलेली फडक्यात बांधली, गोळी घेतली आणि स्टँड गाठला. गाडीत कंडक्टर मुलगी होती. तिने अर्धं तिकीट फाडलं आणि यांचा चेहरा पाहून खिडकीजवळ बसायला सांगितलं. शिक्षण डेपोत सगळ्यांचं सारखंच झालेलं असतं. पार्वताबाई मधल्या सीटवर बसल्या आणि थेट समोर, रस्ता जिथे बारीक होतो तिथे, बघत राहिल्या.

पारोळं आलं. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची ती जागा आली आणि मागे गेली. पोटात भाकरी होती आणि ती तिथेच राहिली. भडगावला त्या उतरल्या तेव्हा त्यांना भूक लागली होती. प्रवासात भूक लागते हे त्यांनी लोकांकडून नुसतं ऐकलं होतं.

गावच्या शाळेत मुख्याध्यापक गिरधर सरांनी १९६४ सालचं रजिस्टर काढलं, फुंकर मारली आणि बोट फिरवत खाली आले. एक जून, एक जून, एक जून, सगळं पान एक जून. मग बोट थांबलं. पार्वता वना या नावापुढेही एक जूनच लिहिलेलं होतं, पण त्यावर आडवी रेघ होती. वर त्याच शाईत ९ मार्च १९५८. बाजूला मास्तरांची सही आणि एक निळा अंगठा.

सर म्हणाले, खाडाखोड आहे आजी, पण सही आहे, म्हणजे चालतं. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, यासाठी कोणीतरी मास्तरांशी भांडलेलं दिसतंय.

पार्वताबाई अंगठ्याकडे बघत होत्या. वडील भडगावच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गासड्या वाहायचे. त्यांच्या पत्र्याच्या डबीत घडी करून ठेवलेला एक कागद असे. त्याला कोणी हात लावायचा नाही. ज्याला वाचता येत नाही तो कागद कशाला जपतो, असं आई चिडवायची. त्या कागदावर काय होतं ते पार्वताबाईंना आज कळलं. पार्वताबाईंनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, सर, उतारा द्या.

चार दिवसांनी आधार केंद्रावरच्या मुलीने तो घेतला, पंधराव्या दिवशी नवी तारीख आली आणि सपनाने ती बोटवाल्यांकडे भरली. नानांनी कार्ड चष्मा लावून, मग चष्मा काढून पाहिलं. मनातल्या मनात मोजलं. बायको चौऱ्याऐंशी दिवसांनी मोठी.

"काहीतरी चुकलं असेल त्यांचं," ते म्हणाले.

"मनी खरी शे," पार्वताबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमनी मास्तरनी शे." माझी तारीख खरी, तुमची मास्तरांनी टाकलेली.

नानांनी चष्मा पुन्हा लावला आणि स्वतःचं कार्ड शोधायला घेतलं.

जानेवारीत ते एसटीनेच मुंबईला निघाले, नाना नेमाने उपाशी आणि पार्वताबाई भाकरी खाऊन. मालेगावच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली. पार्वताबाई खाली उतरल्या, रसवंतीवाल्यासमोर उभ्या राहिल्या आणि एक रस मागितला, बिनबर्फाचा. त्याने सवयीने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्या म्हणाल्या, तोंड धुवायचं नाही, पुढे जायचंय. सवयीने त्याने पैसे घ्यायला नकार दिला. त्यांनी ते मोजून गल्ल्यावर ठेवले.

मुंबईत बंदरावर प्रशील आणि सपना भेटले. काउंटरवरच्या पोराने चारही कार्डं पाहिली, पार्वताबाईंच्या कार्डावर नजर टाकली आणि विचारलं, यांच्यात सगळ्यात सीनियर आजीच ना? प्रशील हसला. नाना कस्टमचा बोर्ड वाचत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट गोव्याच्या वाटेवर होती. समुद्र खवळलेला नव्हता, नुसता हलत होता. पार्वताबाई मधल्या डेकवर खुर्ची टाकून बसल्या होत्या, नजर जिथे पाणी संपतं तिथे. इथे कुठलाच स्टँड येत नव्हता. सपनाने त्यांचे दोन फोटो काढले. शेजारच्या खुर्चीत नाना, आदल्या दिवसापासून उपाशी, मुठीत लिंबू, चेहरा असा की चौतीस वर्षांच्या अनुभवी कंडक्टरने पाहताक्षणी ओळखावा. ओकायची पिशवी त्यांची दोनदा वापरून झाली होती. पोटात काही नसलं तर बाहेर काय येईल, या प्रश्नाचं उत्तर त्यांना पहाटेपासून मिळत होतं.

पार्वताबाईंनी आपल्या हातपिशवीतून फडकं काढलं, भाकरीचा कोरडा तुकडा मोडला आणि एका गोळीबरोबर नानांपुढे धरला.

नानांनी मान हलवली. नको म्हणाले.

"खाई ल्या," पार्वताबाई म्हणाल्या. "मी मोठी शे."

नानांनी समुद्राकडे पाहिलं, प्रशीलकडे पाहिलं. मग लिंबू खिशात टाकलं आणि भाकरी खाल्ली.