कपाळावरची गाठ

माझ्या कपाळावर, केसांच्या कडेला, मोठ्या बोराएवढी गाठ होती. ती दुखत नव्हती की खुपत नव्हती. लहानपणी पोरं तिला हसायची. एकदोघांना चांगलं बदडल्यावर हसायची बंद झाली.

माझ्या आधी मायच्या दोन मुली पाळण्यातच गेल्या होत्या. माझ्या वेळी तिनं माझं नाक टोचलं, देवीला नवस बोलली, आणि काही महिन्यांनी ही गाठ दिसू लागली. मी जगलो. मायनं तिच्यापुरता अर्थ लावला: देवीनं या पोरावर खूण केली, म्हणून त्याला काही होत नाही. दर अमावस्येला ती गाठीला हळद लावायची.

पुढं आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. घरातले देव मायनं स्वतःच्या हातानं फडक्यात बांधून वैनगंगेत सोडले आणि मागं वळूनही पाहिलं नाही. हळद बंद झाली, उपास बंद झाले. पण मी जेवायला बसलो की तिचा हात माझ्या कपाळावरून एकदा फिरायचाच. मी चिडवायचो, "माय, सारे देव नदीत गेले. हा एक काहून ठेवला?"

"याले नदीत सोडता येते काय?" ती म्हणायची आणि ताटात भात वाढायची.

भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हा मी खलाशांच्या टोळीत होतो. लोखंडाचे अवजड भाग दोर-साखळ्यांनी उचलायचे आणि वर नेऊन जागेवर बसवायचे, हे आमचं काम. माझे पाय जमिनीपेक्षा उंचीवर जास्त स्थिर असत. भट्टीचा सांगाडा चढत चालला तसा फोरमन सगळ्यात वरच्या जागेवर मलाच पाठवू लागला. त्याचा मला गर्व होता आणि आजही आहे.

घोळ केला तो हेल्मेटनं. त्याचा आतला पट्टा नेमका गाठीवर बसायचा आणि दुपारपर्यंत कपाळ ठणकायला लागायचं. म्हणून मी हेल्मेट डोक्याच्या मागं सरकवून घालत असे. एकदा वर साखळी अडकवायला वाकलो आणि ते निसटलं. खाली पाण्याच्या टाकीशी उभ्या असलेल्या माणसाच्या अगदी शेजारी आदळलं. माणूस बचावला. फोरमन सरदारजी होता, त्यानं मला खाली बोलावलं आणि आवाज न चढवता सांगितलं, "या तो ये गाँठ निकलवा ले, या नीचे बैठकर चेन में तेल डाल."

तेल घालत बसायला मी भंडाऱ्याहून आलो नव्हतो. दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं गाठ बोटानं इकडून तिकडं हलवून पाहिली. "चर्बी है, और कुछ नहीं. निकाल देंगे."

रिसालीकडच्या आमच्या टिनाच्या खोलीत मी हे सांगितलं तेव्हा माय तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"वर चढाले काढून राहिला ना? अन् तिच्यामुळंच तू पडत नाही. ती काढून वर जाशीन तं एखाद्या दिवशी कोणीतरी मले सांगाले येईन."

मी भांडलो. दीक्षा घेतलीस तिचं काय झालं, म्हणून विचारलं. मी स्वतःला फार शहाणा समजत असे, आणि खरं सांगायचं तर होतोही.

"दीक्षा मी पुरी घेतली," ती म्हणाली. "पण पोरगा एकच आहे."

शेवटी तिनं अट घातली. ती दाराशी बसेल, हाक मारेल, आणि मी ओ द्यायची. मी कबूल झालो.

सुन्न करायची सुई टोचली, तोंडावर कापड टाकलं. चामडीवर ओढ जाणवत होती, पण दुखत काहीच नव्हतं. बाहेरून आवाज आला, "बापू." मी म्हटलं, "ओ." थोड्या वेळानं पुन्हा तेच. डॉक्टर वैतागला. "माताजी, ये बोलता है तो माथा हिलता है."

"तं हळू बोलन तो," माय दाराआडून म्हणाली.

डॉक्टर हसला. नंतर तिची हाक आली की तोच उत्तर द्यायचा, "जिंदा है, माताजी." मला तर हा सगळा प्रकार लग्नघरासारखा वाटत होता. टाके पडले, पट्टी बांधली. आता हेल्मेट नीट बसणार, आठवड्याभरात आपण पुन्हा वर, याबद्दल मला जराही शंका नव्हती, आणि झालंही तसंच.

माय आत आली. तिनं माझा हात दाबून पाहिला आणि डॉक्टरकडं वळली. "दाखवा."

त्यानं तामचिनीचं भांडं पुढं केलं. आत थिजलेल्या तुपासारखा पिवळट गोळा होता. माय वाकून बघत राहिली.

"हेच?"

"हेच," मी म्हटलं. "नुसती चरबी, माय. हे काय वाचवते मले? मी असाच जगलो." मी जिंकलो होतो, आणि ते माझ्या आवाजात असणारच.

"तू असाच जगला," ती म्हणाली. भांड्यावरची नजर तिनं काढली नाही. "मंग त्या दोघी कायले मेल्या?"

त्या पोरींवर खूण नव्हती म्हणून त्या गेल्या, एवढं एक कारण तिनं इतकी वर्षं धरून ठेवलं होतं. ती तिथंच फरशीवर बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडू लागली. तिला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं आणि काय करावं ते सुचेना. मी खाली उतरून तिच्याजवळ बसलो.

डॉक्टर गोंधळला. "सब ठीक तो हो गया. माताजी क्यों रो रही हैं?"

"मेरी दो बहनें थीं," मी म्हणालो. तोपर्यंत त्या मायच्या मुली होत्या. त्यांना बहिणी म्हणायची माझी ती पहिलीच वेळ.