धाकटीचं लिव्हर

गेल्या आठवड्यात, संकष्टीच्या दिवशी, आम्ही दोघी बहिणी कॅम्पातल्या एका हॉस्पिटलमध्ये भेटलो. मी कात्रजहून, धाकटी वृंदा मांजरीहून. फायब्रोस्कॅन हे आमचं वार्षिक स्नेहसंमेलन.

आम्हा दोघींना हिपॅटायटिस बी आहे, जन्मतःच आईकडून आलेला. आई त्यातच गेली. म्हणून दरवर्षी बरगड्यांवर यंत्र टेकवून आमचं लिव्हर किती कडक झालंय ते मोजतात. आकडा जितका कमी, तितकं बरं.

वृंदाचा आकडा पाचच्या आसपास, माझा आठच्या. मी रोज गोळी घेते, दहाच्या आत झोपते, बाहेरचं खात नाही. ती लग्नात दोनदा जेवते आणि तिला गोळीसुद्धा नाही... एकच आई, एकच व्हायरस, आणि मऊ लिव्हर मात्र बाईसाहेबांना. लहानपणी केसही तिचेच लांब होते.

डॉक्टरांनी मागे समजावलं होतं. हा व्हायरस स्वतः लिव्हरच्या पेशी फारशा मारत नाही, त्याला हुडकायला निघालेलं आपलंच सैन्य त्या पेशींवर तुटून पडतं. जखमा होत राहतात. मग एरवी ए व्हिटॅमिन साठवून गप्प बसलेल्या काही पेशी तो साठा सोडून देतात आणि व्रणाचे धागे विणत सुटतात... त्यानं लिव्हर कडक होतं.

माझ्यात हे युद्ध पेटलं. वृंदाच्या शरीरात दोन्ही पक्ष सोसायटीतल्या शेजाऱ्यांसारखे एकमेकांकडे न बघता राहतात. असं का, हे डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही, आणि मला तर ते अजूनही पटलेलं नाही.

एरवी आमची वेळ सकाळी आठची असते, तेव्हा दोघी उपाशीपोटीच येतो. यंदा दुपारी बाराची मिळाली. आल्या आल्या वृंदानं पिशवीतून डबा काढला. साबुदाण्याची खिचडी. स्वतः घरून भरपेट खाऊन निघाली होती, माझ्यासाठी वेगळी आणली होती. मी म्हटलं, नंतर खाते.

टेस्टआधी तीन तास काही खायचं नसतं. खाल्लं की लिव्हरकडे रक्त जास्त जातं आणि आकडा फुगतो. तसा मेसेज दोघींना आला होता... तिनं वाचला नसणार, कारण वाचायला ताई असते.

टेक्निशियननं विचारलं, "काही खाल्लं नाहीये ना?" वृंदा म्हणाली, "छे, संकष्टी आहे आज." उपवासाचं आपण खाण्यात धरतच नाही. मी समोरच बसले होते, आणि मी गप्प बसले.

माझा आकडा आला ७.८. तिचा ८.१.

खरं सांगते, मला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा वृंदा माझ्या मागे होती.

ती बाकावर येऊन बसली. कागदाची घडी घातली, परत उघडली. मग हळूच म्हणाली, "ताई, आईचं असंच सुरू झालं होतं का गं?"

मी उठले आणि आत जाऊन सांगितलं, हिनं खिचडी खाल्लीय. टेक्निशियननं कपाळाला हात लावला. "अहो मॅडम, ते जेवणच की. तीनला परत या."

तीनपर्यंत आम्ही कॉरिडॉरमध्ये बसून होतो. परत मोजलं... ५.२.

आकडा ऐकून आधी मीच रडले. तीच माझ्या पाठीवर हात फिरवत बसली. म्हणाली, "तुझ्या लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर मी महिनाभर झोपले नसते." मग मला डबा उघडून दिला. गार झालेली खिचडीसुद्धा मोकळी होती, माझी गरम असतानाच गोळा होते.

वृंदा, माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला आधीपासून माहीत होतं. तोंडावर सांगायचा धीर झाला नाही म्हणून इथे लिहितेय. तुझा हेवा अजून वाटतो, तो काही एका दुपारी जाणार नाही... पण ते रडणं खरं होतं, तेवढं मान.