बोट हलतेय

नॉर्दर्न लाइट्स नुसत्या डोळ्यांना राखेसारखे फिकटच दिसतात, हे मला क्रूझवर आल्यावर कळलं. तो हिरवा रंग उतरतो कॅमेऱ्यात, आणि तोही हात काही क्षण अगदी स्थिर राहिला तरच. फोटो काढता यावेत म्हणून कप्तानाने बोट खाडीत थांबवली होती, इंजिनंसुद्धा बंद केली होती. डेकवर जो तो आपल्या कॅमेऱ्यातलं हिरवंगार आकाश शेजारच्याला दाखवत होता.

आमच्या ह्यांच्या कॅमेऱ्यात मात्र नुसते फराटे उमटत होते. नात्यातल्या प्रत्येक बारशाचे, लग्नाचे फोटो ह्यांनीच काढलेले, श्वास रोखून. ट्रायपॉड घेऊ या म्हटलं, तर म्हणाले, "तो नवशिक्यांना लागतो." गेल्या वर्षापासून ह्यांचा उजवा हात थरथरतो. घरात त्याबद्दल कुणी बोलत नाही.

निवृत्तीनंतर जाऊ, म्हणत म्हणत ही सफर आम्ही किती वर्षं पुढे ढकलली! आकाश काय, तिथेच असणार होतं. ते आहेच. त्याला आमच्याकडून हवा होता फक्त क्षणभर स्थिर हात, आणि आता तेवढंही आमच्यापाशी उरलेलं नाही.

पुन्हा फराटाच आला. ह्यांनी कॅमेरा छातीशी धरला.

"बोट फार हलतेय गं."

"हो ना, केवढी हलतेय," मी म्हणाले आणि कठड्यावरून खाली पाहिलं. काळ्या पाण्यात चांदण्या पडल्या होत्या. त्यातली एकही थरथरत नव्हती.